यामाहा एचपी-१ (१९७६): डाव्या कानातला बेस गेला कुठं?

चष्मिश_पुणेकर
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ नागोयाला असतो. तिकडच्या सेकंडहँड दुकानांत 'जंक' लिहिलेला एक क्रेट असतो, म्हणजे चालेल का ते विचारू नका आणि परत आणू नका अशा वस्तू. त्यात त्याला यामाहाचा एचपी-१ हेडफोन मिळाला, गणपतीला आला तेव्हा दोन टॉवेलांत गुंडाळून माझ्यासाठी घेऊन आला. १९७६ चं मॉडेल, डिझाइन मारिओ बेलिनीचं, तोच इटालियन ज्याने यामाहाचा तो उताराच्या आकाराचा कॅसेट डेक आणि ऑलिव्हेट्टीची रबरी बटणांची पिवळी कॅल्क्युलेटरं केली. डोक्यावर स्टीलची पातळ कमान, तिच्या खाली पट्टा. पन्नास वर्षांची वस्तू वाटतच नाही, न ऐकता नुसता हातात घेऊन बसलो तरी बरं वाटतं.

आता रडगाणं. उजवा कान झकास. डावा कान म्हणजे शेजारच्या घरातला ट्रान्झिस्टर. बेस नाही, आणि जिथं बायां लागायला हवा तिथं फर्रर्र असा आवाज, माशी अडकल्यासारखा. डावा पॅड पण एसटीच्या जुन्या सीटसारखा तडकलाय. मल्टिमीटर लावला तर उजवीकडे १४९ ओहम, डावीकडे १५१. ड्रायव्हर गेला का? आणि नेटवर लोक या असल्या हेडफोनांत फेल्ट, कापूस, क्ले काय काय भरतात, ते करायचं का?

लॅमिंग्टनरोडवाला
१४९ आणि १५१ असेल तर पेढे वाट, ड्रायव्हर जिवंत आहे. या हेडफोनचं रेटिंगच १५० ओहम आहे. साध्या हेडफोनला मीटर लावलास तर आकडा रेटिंगपेक्षा चांगलाच कमी येतो कधी कधी, पण इथं तारेचं वेटोळं नाहीच, त्यामुळे मीटरवरचा आकडा आणि रेटिंग जवळपास सारखंच.

तुला आत काय आहे ते सांगतो म्हणजे उगाच भलतीकडे हात घालणार नाहीस. साध्या हेडफोनमध्ये एक शंकू, त्याच्या मागे तारेची गुंडाळी, ती लोहचुंबकाच्या खाचेत वरखाली होते, म्हणजे ढकलणारा हात शंकूच्या एकाच ठिकाणी आणि बाकीचा शंकू त्याच्या मागनं फरफटत. प्लेनर म्हणजे तुझ्यासारखा चपट्या फिल्मचा हेडफोन, त्यात पतंगाच्या कागदासारखी ताणलेली फिल्म, तुझ्या एचपी-१ मध्ये १२ मायक्रॉनची, आणि तारेच्या ऐवजी त्या फिल्मवरच धातूचा चपटा ट्रॅक. तुझ्यात तो जिलबीसारखा गोल गोल फिरत जातो, काही हेडफोनांत सरळ पट्ट्यांमध्ये नागमोडी. फिल्मच्या पुढे एक भोकाभोकांचं चुंबक, मागे एक. दोघांचे सारखे ध्रुव एकमेकांसमोर, म्हणून चुंबकीय रेषा आरपार न जाता फिल्मच्या पातळीत आडव्या पसरतात. ट्रॅकमधून करंट गेला की दहावीत घोकलेला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठव, फिल्म पुढेमागे ढकलली जाते, आणि ती बहुतेक सगळीकडे एकदम ढकलली जाते. म्हणून त्याचा आवाज असा मोकळा. यामाहानं याला ऑर्थोडायनॅमिक नाव दिलं. त्याच्या आधी इंग्लंडात व्हार्फडेलनं हाच प्रकार आयसोडायनॅमिक नावानं काढला होता. नावं वेगळी, पतंग तोच.

नुसता_वाचक
एवढ्या उपद्व्यापात दोन हजाराचे इअरबड येतात. कान तेच, गाणी तीच. आपलं सहज सांगितलं.

लॅमिंग्टनरोडवाला
आले. प्रत्येक धाग्यावर येतात.

सोल्डरताई
पुणेकर, मी रिटायर्ड टेक्निशियन आहे, सदतीस वर्षं दुसऱ्यांनी बिघडवलेल्या वस्तू दुरुस्त केल्यात, त्यामुळे जरा दटावून बोलले तर मनाला लावून घेऊ नका.

ड्रायव्हरचे स्वतःचे स्क्रू अथवा रिव्हेट काढायचे नाहीत. कप उघडा, पॅड काढा, पण ती चुंबकांची सँडविच उघडायची नाही. वर सांगितलंय ना की सारखे ध्रुव समोरासमोर आहेत, म्हणजे दोन्ही प्लेटा सतत एकमेकींना ढकलतायत, स्क्रूनी त्यांना दाबून धरलंय. शेवटचा स्क्रू सैल झाला की प्लेट उडते आणि १२ मायक्रॉनची फिल्म तिच्याबरोबर जाते. ती फिल्म तुम्हाला तापकीर गल्लीत मिळणार नाही, खुद्द जपानातही मिळणार नाही. माझ्याकडे एकदा एक जण असा उघडलेला जोड घेऊन आला होता, प्लास्टिकच्या पिशवीत. मी चहा पाजून परत पाठवला, दुसरं काय करणार.

आधी न उघडता तीन गोष्टी बघा. अ‍ॅम्पकडून येणारे डावे-उजवे बदला, तक्रार कपाबरोबर राहते की बाजू बदलते? मग डावा कप तळहाताने कानावर नीट दाबा, बेस येतो का? आणि नावात चष्मा आहे तो खरा आहे का?

चष्मिश_पुणेकर
ताई, दटावा की, सवय आहे.

१. डावे-उजवे बदलले. तक्रार त्याच कपात राहिली, म्हणजे अ‍ॅम्प सुटला.
२. कप दाबला की बेस येतो! पूर्ण नाही, निम्मा म्हणा. दाब सोडला की परत ट्रान्झिस्टर.
३. चष्मा खराच आहे, साडेपाच नंबर. चष्मा काढून ऐकलं तर उजव्या कानालाही जास्त बेस आला, हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं, आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटलं.

फर्रर्र मात्र दाबलं तरी तसंच. २० ते २०० हर्ट्‌झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सलग सूर, लावला तर साधारण साठच्या आसपास सुरू होतं आणि नव्वदपर्यंत थांबतं.

दर्यावर्दी_रत्नागिरी
म्हणजे निम्मी चोरी पॅडने केलीय. प्लेनरचा बेस कान आणि फिल्म यांच्यातल्या बंद हवेवर चालतो, सायकलच्या पंपासारखं, वायसर खराब असेल तर कितीही दांडा हाणा, हवा जाणार नाही. पॅडला चीर पडली किंवा चष्म्याच्या काडीनं फट पडली की खालचे सूर तिथनं पळतात, वरचे सूर राहतात, म्हणून ट्रान्झिस्टर.

पॅड तडकणं तर आमच्या रत्नागिरीत दर पावसाळ्याचं. ते रेक्झिन आणि आतला स्पंज दोन्ही पॉलियुरेथेन, हवेतला दमटपणा त्याची साखळी हळूहळू तोडतो, हेडफोन वापरा नाहीतर कपाटात ठेवा. माझ्या एका पॅडचा चुरा नुसता कपाटात बसून झाला. आता डब्यात तांदूळ नाही, सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, बायकोच्या चपलांच्या खोक्यातल्या.

माझ्याकडे फॉस्टेक्सचा टी५०आरपी एमके३ आहे. जुना नाही, पण घराणं तेच, त्यातला आरपी म्हणजे रेग्युलर फेज, फॉस्टेक्स आपल्या प्लेनरला तसं म्हणते. तो मी चार वेळा उघडून चार वेळा बिघडवला आणि पाचव्यांदा जमला. पहिल्यांदा भरला गच्च कापूस, कारण यूट्यूबवर एकानं भरला होता. आवाज असा झाला की गाणारा गोधडीत शिरून गातोय. मग काढला. मग कपाच्या आतल्या भिंतींना मुलीची क्ले थापली, वजन वाढून प्लास्टिकचा टणटणाट गेला, हे मात्र खरंच कामाचं निघालं (मुलीनं अजून माफ केलं नाहीये). मग कपाच्या बारीक खाचेवर मेडिकलमधली कागदी सर्जिकल पट्टी चिकटवून बेस कमीजास्त केला, अर्धी झाकली, पाऊण झाकली, परत अर्धी. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही, नाहीतर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. माझ्या वहीत एका पानावर नुसतं 'काल बरं होतं' असं लिहिलंय.

चष्मिश_पुणेकर
उघडला. ताईंना विचारून उघडला, म्हणजे फक्त कप, सँडविचला हात नाही.

उजवीकडे ड्रायव्हरच्या पाठीवर पांढरट फेल्टची चकती, स्वच्छ, तीच ओरिजनल असावी. डावीकडे फेल्ट नाहीच! त्याऐवजी कुणीतरी पूर्वी पिवळा स्पंज कापून कोंबलाय आणि त्या स्पंजचं आता जे झालंय ते कसं सांगू, पाक चुकलेला गूळ. बोटाला चिकटतो, वास येतो, आणि चुंबकाच्या प्लेटच्या निम्म्या भोकांत उतरून बसलाय. फोटो टाकत नाही, लोक जेवत असतील.

लॅमिंग्टनरोडवाला
झालं, सापडलं. फिल्मला मागे जायला हवा हलावी लागते, ती हवा त्याच भोकांतून जाते. भोकं बुजली की फिल्म हलणार कशी? निम्मा बेस पॅडनं खाल्ला, उरलेला गुळानं.

आता थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर काही ओतू नकोस. ओतलंस की पातळ झालेला गूळ भोकातून थेट फिल्मवर.

सोल्डरताई
बरोबर. कप उपडा धरून, म्हणजे घाण असलेली बाजू जमिनीकडे करून काम करा, सुटेल ते खाली पडेल, आत जाणार नाही. मोठे तुकडे लाकडी टूथपिकनं. बारीक राहिलेलं ब्लू-टॅकसारख्या चिकट पुट्टीनं टिपायचं, घासायचं नाही. अगदी शेवटी कान साफ करायच्या काडीचा कापूस आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवून, पूर्ण पिळून, जेमतेम ओला. लोखंडी चिमटा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळपास नको, चुंबक असा खेचतो की टोक प्लेटवर आदळतं. प्लास्टिकचा चिमटा घ्या. आणि तोंडानं फुंकर मारायची नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, फिल्म ताणली की ती परत पहिल्यासारखी होत नाही. एक संध्याकाळ लागेल. घाई असेल तर उद्या करा.

मिरजेचा_तानपुरा
मी तांत्रिक माणूस नाही, गाणारा आहे, पण वाचताना गंमत वाटली म्हणून लिहितो. आमच्या गावात तानपुऱ्याची जवारी काढणारे लोक आहेत. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो केसभर पुढे सरकवला की तार बोलायला लागते, अजून केसभर सरकवला की मुकी. तुमचा फेल्ट म्हणजे आमचा दोराच दिसतोय. पण मग आकडे कशाला, कानानंच लावा की. आमच्याकडे जवारीला कुणी मीटर लावत नाही.

लॅमिंग्टनरोडवाला
बुवा, जवारीवाल्याच्या कानात तीस वर्षं आहेत. आपल्या पुणेकराच्या कानात तीस मिनिटं आहेत. शिवाय इथं दोन कान सारखे लावायचेत, डावं ऐकून उजवं ऐकेपर्यंत डावं कसं होतं ते माणूस विसरतो. म्हणून छोटी इलेक्ट्रेट माइकची कॅप्सूल घ्यायची, पुठ्ठ्याच्या चकतीत बसवायची, पॅड त्या पुठ्ठ्यावर टेकवायचा आणि रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात स्वीप घ्यायचा. असला घरगुती ग्राफ जगाला दाखवायच्या लायकीचा नसतो, खरा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स तो नव्हे, पण डावा आणि उजवा एकमेकांवर ठेवून बघायला चालतो. तेवढंच तर हवंय.

मिरजेचा_तानपुरा
हे पटलं. दोन तानपुरे जुळवताना आम्हीही एकाच माणसाला दोन्ही लावायला सांगतो.

चष्मिश_पुणेकर
काल साडेतीन तास लागले. टेबल लँप, टूथपिकांचा ढीग, आई दोनदा विचारून गेली की नक्की काय खातोयस. गूळ गेला. दिव्यासमोर धरलं तर सगळी भोकं मोकळी, पलीकडे फिल्म चमकताना दिसते.

आणि आता ऐका. दिव्यासमोर तिरका धरला तेव्हा एका भोकातून काहीतरी बारीक, पांढरं बाहेर आलेलं दिसलं. धागा असेल म्हणून प्लास्टिकच्या चिमट्यानं हळूच ओढला. केस. पांढरा केस, दीड इंचाचा. आमच्या घरात पांढरे केस कुणाचे नाहीत (आई मेंदी लावते), म्हणजे हा जपानातल्या पहिल्या मालकाचा. लगेच स्वीप लावला. फर्रर्र बंद! साठपासून नव्वदपर्यंत मख्खन.

लॅमिंग्टनरोडवाला
माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, फिल्म बाराची. पतंगाच्या कागदावर दोरखंड टेकल्यासारखं. ठरावीक सुराला फिल्म सगळ्यात जास्त हलते तेव्हाच तो केस तिला लागत होता, म्हणून साठ ते नव्वदच. असल्या फर्रर्रवर लोक ड्रायव्हर फुकट घालवतात.

नुसता_वाचक
केस जपून ठेवा, पन्नास वर्षांनी लिलाव करा.

(हे मी गमतीनं म्हणतोय, धागा आवडतोय खरं तर.)

चष्मिश_पुणेकर
पण आता नवीन भानगड. डावीकडे मागे काहीच नाही, ना स्पंज ना फेल्ट, आणि बेस आला तो असा आला की डबडबडब, लग्नाच्या हॉलमधला पीए. गाणाऱ्याचा आवाज पण पुढे येऊन ओरडल्यासारखा. उजवा कान शांत, शहाणा.

सोल्डरताई
येणारच. ताणलेली फिल्म म्हणजे डफच. तिचा स्वतःचा एक सूर असतो, त्या सुराला हलवली की ती गरजेपेक्षा जास्त हलते आणि थांबायला वेळ लावते. फेल्टमधून हवा जाताना घासून जाते, ते घर्षण तिला थांबवतं. फेल्ट कमी तर डबडब, फेल्ट जास्त तर सगळं कोरडं, निर्जीव, परत बेस कमी. म्हणून आधी स्पंज सडला तेव्हा बेस नव्हता आणि आता काढल्यावर जास्त आहे, दोन्ही एकाच गोष्टीची टोकं. उजवीकडच्या चकतीएवढ्या जाडीचा लोकरी फेल्ट मिळाला तर बघा. शिवणकामाच्या दुकानातला रंगीत फेल्ट बऱ्याचदा सिंथेटिक आणि घट्ट असतो, त्यातून हवा कमी जाते. तोंडाला लावून फुंकून बघायचं, उजवीकडच्या चकतीतून जेवढी जाते तेवढी गेली पाहिजे. ही फुंकर फक्त फेल्टवर मारायची, ड्रायव्हरवर नाही, हे परत सांगते.

मिरजेचा_तानपुरा
हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे जा. पेटीत झडपांखाली लोकरी फेल्ट लागतो, त्यांच्याकडे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे पडलेले असतात. पेटीवाले फेल्ट ओळखतात.

दर्यावर्दी_रत्नागिरी
तोवर एक विचारतो, हे वाजवतोयस कशावर? फोनच्या डोंगलवर असेल तर अर्धी मजा गेली. माझ्या टी५०आरपीचं रेटिंग ५० ओहम आणि एक मिलिवॉटला ९२ डेसिबल. डोंगलनं एक व्होल्ट दिला तर २० मिलिवॉट होतात, म्हणजे १०५ डेसिबल, बोलाचाली पुरतं ठीक, पण ऑर्केस्ट्रा एकदम उसळला की गुदमरतो. शंभर मिलिवॉट हवेत तर सव्वादोन व्होल्ट आणि ४५ मिलिअँपिअर लागतात. चुंबकापासून लांब, एवढी मोठी फिल्म, तिला जोर लागतोच. जुन्या जमान्यात त्याचं कुणाला काही वाटायचं नाही कारण हेडफोन घरच्या मोठ्या रिसीव्हरला लागायचा.

चष्मिश_पुणेकर
बाबांचा जुना जपानी रिसीव्हर आहे, त्याला मोठ्या पिनचा जॅक आहे, त्यावरच. कुणीतरी मला म्हणालेलं की असल्या जॅकमध्ये आत मोठे रेझिस्टर असतात आणि त्याने हेडफोनचा आवाज बदलतो?

लॅमिंग्टनरोडवाला
साध्या हेडफोनचा बदलतो, तुझा नाही, आणि हीच प्लेनरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. त्या रिसीव्हरांत हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प नसतो, स्पीकरचाच आवाज दोनचारशे ओहमच्या रेझिस्टरमधून जॅकला देतात. साध्या हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बेसच्या एखाद्या सुराला डोंगरासारखा वर जातो, रेझिस्टर मध्ये आला की त्या डोंगरावर जास्त व्होल्टेज पडतं आणि बेस फुगतो. प्लेनरला डोंगरच नाही, २० हर्ट्‌झला १५० आणि वीस हजारालाही जवळपास १५०. रेझिस्टर मध्ये टाका नाहीतर काढा, आवाज लहानमोठा होईल, चव तीच. त्यामुळे बाबांचा रिसीव्हर बेस्ट, नवीन काही विकत घेऊ नकोस. हे वाक्य मी या फोरमवर पहिल्यांदाच लिहितोय.

नुसता_वाचक
इतकं भारी होतं तर मग बंद का झालं?

लॅमिंग्टनरोडवाला
चांगला प्रश्न, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. १९७९ मध्ये वॉकमन आला, बरोबर फुलासारखा हलका हेडफोन. लोकांना चालताना ऐकायचं होतं, खुर्चीत बसून नाही. प्लेनरला दोन्ही बाजूंना फेराइटची चुंबकं म्हणजे वजन, वर त्याला मोठा अ‍ॅम्प. मग ऐंशीच्या दशकात निओडिमियम चुंबक आलं, छोट्याशा साध्या ड्रायव्हरमध्येही भरपूर ताकद मिळायला लागली, स्वस्तात. फॉस्टेक्सनं ते धरून ठेवलं, स्टुडिओवाल्यांसाठी. परत लाट आली ती साधारण २००९ च्या आसपास, ऑडिझीचा एलसीडी-२ आणि हायफायमॅनची मॉडेलं निघाली तेव्हा. आणि मधल्या काळात ज्यांनी हे जिवंत ठेवलं ते असलेच घरी बसून फेल्ट कापणारे लोक. अमेरिकेत डॅन क्लार्कनं टी५०आरपीचेच ड्रायव्हर घेऊन मॅड डॉग काढला, मग २०१३ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या कपांचा अल्फा डॉग. मूळ हेडफोन तोच दर्यावर्दीच्या गोधडीवाला.

दर्यावर्दी_रत्नागिरी
गोधडी विसरणार नाही ना कुणी. बरं.

चष्मिश_पुणेकर
आज हाफ डे टाकून पेटीवाल्यांकडे गेलो. त्यांना सांगितलं हेडफोनसाठी फेल्ट हवाय, ते म्हणाले कशासाठी? परत सांगितलं. ते म्हणाले घेऊन जा, पैसे नकोत, पण काय झालं ते सांगायला ये. तीन जाड्यांचे तुकडे दिले. फुंकून बघितले, मधला उजवीकडच्या चकतीशी जुळला.

मधल्याची चकती कापून लावली, स्वीप घेतला. ग्राफमध्ये शंभरच्या आसपासचा उंचवटा बसला, उजव्यापेक्षा जरा वर राहिला. दोन चकत्या लावल्या, एकदम मढं. परत एक, आणि तिच्यावर सर्जिकल पट्टीचा रुपयाएवढा तुकडा. आता दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर. पॅड सध्या कुठल्यातरी दुसऱ्या हेडफोनचे बसवलेत, दोन्ही बाजूंना एकाच जोडीतले.

पण गाणं लावलं आणि परत घोटाळा. दोन्ही कान वेगवेगळे ऐकले तर मस्त, एकत्र ऐकले की बेस गायब आणि गाणारी बाई डोक्याच्या मध्ये नाही, मागच्या भिंतीत. रडकुंडीला आलोय. फेल्ट चुकला का?

सोल्डरताई
फेल्टचा काही दोष नाही. खरं सांगा, मध्ये वायर तुटली होती का?

चष्मिश_पुणेकर
...हो. साफ करताना डावीकडची दोन्ही टोकं सुटली होती, मी परत सोल्डर केली. तुम्हाला कसं कळलं??

सोल्डरताई
उलटी जोडलीत. एक फिल्म पुढे येते तेव्हा दुसरी मागे जाते, एकेक कान ऐकलात तर काहीच कळत नाही, दोन्ही एकत्र आले की मेंदू गोंधळतो. सदतीस वर्षांत हे मी स्वतः किती वेळा केलंय ते विचारू नका. दोन टोकांची अदलाबदल करा. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, दोन सेकंदांच्या वर टेकवायची नाही, टर्मिनल आणि ड्रायव्हरच्या मध्ये पितळेची क्रोकोडाइल क्लिप लावा म्हणजे उष्णता ती पिऊन घेईल, फिल्म प्लास्टिकचीच आहे शेवटी. मग मोनो रेकॉर्डिंग लावा. आवाज नाकाच्या रेषेत, बरोबर मध्ये आला पाहिजे.

चष्मिश_पुणेकर
आला. नाकाच्या रेषेत.

काय लिहू कळत नाहीये. रात्री एक वाजता तबल्याचं एक जुनं सोलो रेकॉर्डिंग लावलं, बायांवर मनगट घासत नेल्यावर जी मींड येते ना, ती पूर्ण ऐकू आली, सुरुवातीपासून विरेपर्यंत. चष्मा काढून ऐकलं. चष्म्याच्या काडीसाठी पॅडच्या मागच्या बाजूला थोडा मऊ फोम वाढवायचा विचार आहे, पण ते पुढच्या रविवारी. वहीत लिहिलंय सगळं, 'काल बरं होतं' नाही लिहिलं.

उद्या पेटीवाल्यांना ऐकवायला नेणार आहे, कबूल केलंय.

मिरजेचा_तानपुरा
त्यांना आधी पेटी ऐकवा. स्वतःच्या झडपांचा खडखडाट ऐकून खूश होतील नाहीतर चिडतील.

नागोयाचा_भाऊ
अकाउंट फक्त इथं लिहायला काढलंय. दादा, त्या क्रेटमध्ये अजून एक होता, तसाच, पण पट्टा तुटलेला आणि एका बाजूची वायर कापलेली. मी म्हटलं एक पुरे. शनिवारी त्या बाजूला जाणार आहे, बघू का?

सोल्डरताई
दोन्ही कपांवर मीटर लावून मगच घे रे. मीटर नाही मिळाला तर पॅड हळूच दाबून बघ, फिल्म शाबूत असली तर बऱ्याचदा कागद चुरगळल्यासारखा बारीक आवाज येतो. जोरात दाबू नकोस.

चष्मिश_पुणेकर
घे. आणि मावशीला यातलं काही सांगू नकोस, यंदा चकल्या दुप्पट पाठवतो.